तोंड आत

पोलादपूरच्या नाक्यावर यष्टी थांबते. वेळेवर थांबते असं नाही, पण थांबते.

भात कापायच्या विळ्याला दात असतात आणि धार एकाच अंगाला असते.

वाडीत कोणी "अगोऽ" अशी हाक मारली की एकोणीस बायका वळून बघतात. विसावी बघत नाही.

बांड्या नावाच्या बैलाला एक उखाणा पाठ आहे, असं त्याचा मालक शपथेवर सांगतो.

महाडजवळच्या सव गावच्या कुंडातलं पाणी इतकं ऊन असतं की नवखा माणूस त्यात पाय घालतो आणि आईला हाक मारतो.

तुळसा ही गोमाजीची बायको. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माघ महिन्यात भरल्या मांडवात याबद्दल थोडा घोटाळा झाला होता.

घोटाळा केला हैबतीने. वय बावन्न, पोलादपूरच्या वरच्या अंगाला वाडी, बैलजोडी, भाताची जमीन, एक मुलगा मोरू मुंबईला, आणि एक बायको, प्रयागबाई. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि या तीस वर्षांत हैबतीने बायकोचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. राग होता म्हणून नव्हे. गरजच पडली नाही. आधी "अगो" होतं. मग मोरू झाला आणि "मोरूची आय" झालं. मोरू मुंबईला गेला आणि पुन्हा "अगो" झालं. काम चालत होतं.

पण सन एकोणसाठच्या माघात हैबतीच्या थोरल्या बहिणीच्या, आनंदीबाईच्या, मुलाचं लग्न निघालं. आनंदीबाईचा रिवाज साऱ्या खोऱ्याला माहीत. नवरानवरी नाव घेऊन उंबरा ओलांडून आत गेली की ती स्वतः दारात आडवी उभी राहायची आणि घरातल्या जुन्या जोडप्यांना एकेक करून पकडायची. नाव घ्या, मग आत. मागच्या दोन लग्नांत हैबती मागच्या दाराने आत गेला होता. या खेपेला आनंदीबाईने निरोपच पाठवला, "मागल्या दाराला आडना घातलाय म्हनावं."

म्हणून हैबती गोमाजीकडे गेला. गोमाजी नऊ वर्षं मुंबईत राहून आलेला. येताना एक ट्रंक, एक शिट्टी आणि बत्तीस उखाणे घेऊन आला होता. दोघे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडावरचं कवळ, हिरव्या फांद्या, तोडत होते तेव्हा त्याने झाडावरूनच उखाणा खाली टाकला.

"पोलादपूरच्या नाक्यावर थांबते यष्टी,
तुळसा माझी गोड, बाकी साऱ्या कष्टी."

"फस्क्लास हाय," गोमाजी म्हणाला. "तुळसाच्या जागी वैनींचं नाव घाल. बाकी फिटिंग तेच."

हैबतीने चार दिवस घोकला. गाडी हाकताना घोकला, बैल पाण्यावर नेताना घोकला. बांड्या "यष्टी"ला मान वर करायचा आणि "कष्टी"ला खाली. पण एक गोष्ट झाली. घोकताना नाव बदलायला हैबतीला लाज वाटत होती. रस्त्यात कोणी ऐकलं तर? म्हणून त्याने ठरवलं, आत्ता आहे तसंच म्हणू, ऐन वेळी बदलू.

ऐन वेळ आली. आनंदीबाई दारात उभी. मागे सगळा मांडव. हैबतीच्या शेजारी प्रयागबाई, हिरव्या लुगड्यात, मान खाली. हैबतीने फेटा सारखा केला आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. तुळसासकट बोलला. "माझी गोड"सकट बोलला.

मांडव हसून हसून आडवा झाला. तुळसा तिथंच होती, हातात अक्षतांचं ताट. तिने ते ताट तोंडावर धरलं आणि अक्षता सगळ्या तिच्याच डोक्यावर पडल्या. सगळ्यांत मोठ्याने हसला गोमाजी. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसायचा थांबला.

प्रयागबाई हसली नाही, रडली नाही. पंगतीत वाढायला उभी राहिली. हैबतीच्या पानावर नुसतं मीठ आणि भात पडला आणि वरण पुढे निघून गेलं.

घरी येताना ती पुढे चालली. रोज हैबती पुढे आणि ती मागे, आज उलटं. वाडीच्या चढावर ती थांबली आणि न वळता म्हणाली, "मोरूचं पत्र आलंय. सुनेच्या बाळंतपनाला बोलवलंय. शिमगा झाला की जाते मी."

"जा की. मी कुठं नगं म्हनतोय."

"परत बोलवायचं झालं तर नावानं बोलवा. अगो म्हंजे कोन? वाडीत इस अगो हायेत. मी म्हनेन, दुसऱ्या कुनाला बोलवत असतील. तुळसाला."

"अगो, ती चूक झाली गो—"

"आनि नाव असंच घ्यायचं नाय. उखाण्यात. सोताच्या. उसना नाय चालायचा. तवर मी ओ देनार नाय."

शिमग्याला एकवीस दिवस होते.

*

ओ न देणं म्हणजे काय, हे हैबतीला पहिल्या दोन दिवसांतच कळलं. प्रयागबाई अबोला धरून नव्हती. शेजारणीशी बोलत होती, कोंबड्यांशी बोलत होती, हैबतीला जेवायला वाढत होती. फक्त हाकेला उत्तर नव्हतं.

"अगो, माजी तंबाखूची चंची कुठं हाय?"

शांतता.

"अगो, ह्यो सदरा माजा का मोरूचा?"

प्रयागबाई कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. सदरा मोरूचा होता. हैबती तो घालून पोलादपूरच्या बाजाराला गेला आणि दिवसभर हात वर करू शकला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला समजलं की आपल्याच घरात कुठली वस्तू कुठं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी समजलं की विचारल्याशिवाय आपल्याला एकही वस्तू सापडत नाही. पाचव्या दिवशी त्याने मनाशी कबूल केलं की तंबाखू नसली तरी चालेल, पण ती मुंबईला गेली आणि तिथेच राहिली तर चालणार नाही.   

तो गोमाजीकडे गेला.

"दुसरा दे."

"काय दुसरा?"

"उखाणा."

"आनि त्यात पन माज्याच बायकोला गोड म्हनशील! शरम हाय का रे तुला? बिलकुल नाय देनार."

"तूच तर शिकिवलास!"

"मी तुला उखाणा दिला हुता रे, बायकू नव्हती दिली!"

आतून तुळसा ओरडली, "भांडू नका वो! आनि हैबतीभावजी, तुमी इकडं येऊ नका. लोक बगतायत."

लोक खरंच बघत होते.

*

मग शाळेचे सहदेव मास्तर. पुण्याकडे शिकलेले, गळ्यापर्यंत बटणं लावणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि तिथल्या तिथे एक उखाणा लिहून दिला. हैबतीला वाचता येत नव्हतं. त्यांनी पाठ करून घेतला.

"रायगडाच्या शिखरावर तळपतो भास्कर,
प्रयागचं नाव घेतो, भाग्य माझं सुस्वर."

हैबती घरी आला, चुलीपाशी उभा राहिला आणि धाडकन म्हणून मोकळा झाला. नाव बरोबर होतं. प्रयागबाई भाकरी थापता थापता थांबली.

"ह्यो मास्तरांचा," ती परातीला म्हणाली. "तळपतो! ह्यांनी जल्मात कदी तळपतो म्हनलंय? आनि भास्कर कोन? मुंबईचा का?"

हैबती पुन्हा शाळेत गेला. भास्कर कोण, हेही त्याला विचारायचं होतंच.

मास्तर म्हणाले, "हैबतराव, चूक माझी झाली. उखाणा बाहेरून देता येत नाही. तो तुमच्या आत आहे. तुम्ही जरा अंतर्मुख व्हा."

"काय होऊ?"

"अंतर्मुख. एकान्तात बसा आणि अंतर्मुख व्हा. आपोआप सुचेल."

एवढ्यात घंटा झाली आणि मास्तर वर्गात गेले. हैबती तो शब्द हातात धरून वाडीला आला.

मुख म्हणजे तोंड, एवढं त्याला कळत होतं. गोमुख त्याने पाहिलं होतं. अंतर म्हणजे लांबी. महाड ते पोलादपूर एवढं अंतर, तेवढं अंतर, असं यष्टीत सगळे बोलायचे. म्हणजे तोंड लांब ठेवायचं. म्हणून तो एक अख्खा दिवस वाडीपासून लांब, माळावर, वाडीकडे पाठ करून बसला. एक पाखरू येऊन शेजारी बसलं आणि कंटाळून उडालं. काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला सुचलं, अंतर म्हणजे आत. तोंड आत. मास्तर म्हणालेच होते, आत आहे. पण कशाच्या आत? घरात आत म्हणावं अशी एकच वस्तू होती, भाताची कणगी. प्रयागबाई पाण्याला गेलेली बघून हैबतीने कणगीचं झाकण काढलं, तोंड आत घातलं आणि डोळे मिटून उभा राहिला. आत काळोख होता, वास चांगला होता, आणि तूस नाकात जात होतं. सात शिंका आल्या. सातव्या शिंकेला तो वर आला तर दारात प्रयागबाई, डोक्यावर हंडा.

तिला विचारायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण जो आपल्याला नावाने हाक मारत नाही त्याला आपण कशाला विचारायचं, म्हणून तिने मांजराला विचारलं, "काय गो, उंदीर धरायला तू हायेस ना घरात?"

मधल्या दिवसांत हैबतीने जे जे उखाणे स्वतःचे स्वतः केले ते असे:

बांधावर बांध, त्याच्यावर बांध.
(पुढे नाव येईना.)

माझी बायको चांगली, तिचं नाव—
(कशी चांगली? चांगली म्हणजे काय काय? अडकला.)

बांड्या माझा बैल, दुसरा पण बैल,
(सोडून दिला.)

परयागला आवडतं
(काय आवडतं?)

या शेवटच्यापाशी तो फार वेळ बसला. काय आवडतं? तीस वर्षं. तिला काय आवडतं हे आपण सांगू शकत नाही. बांड्याला काय आवडतं ते सांगू शकतो: वरईचा पेंढा आणि कानामागे खाजवलेलं. हैबतीला आपलीच लाज वाटली. ही लाज मांडवातल्या लाजेहून वेगळी होती. तिथं सगळे बघत होते म्हणून वाटली होती. इथं कोणीच बघत नव्हतं.

*

शिमग्याला सहा दिवस राहिले तेव्हा तो गुडघा दुखतो असं कोंबड्यांना सांगून यष्टीने महाडला आणि तिथून चालत सवला गेला. सावित्रीच्या काठी सवची ऊन पाण्याची कुंडं. गुडघा खरोखर दुखत होता. पण मनात दुसरंच होतं: तोंड आत घालायला पाण्यासारखी जागा नाही. तूस नाही, मांजर नाही.

दुपारची वेळ. कुंडात खांद्याला खाज असलेला एक सवचाच माणूस, सोनबा, गळ्यापर्यंत बसलेला. हैबती उतरला. आईला हाक मारली. मग श्वास घेतला आणि तोंड आत घातलं.

पहिल्या बुडीत नुसतं लाल दिसलं.

दुसऱ्या बुडीत कानात ढोल वाजले. सोनबा सरळ होऊन बसला.

तिसऱ्या बुडीत सगळं शांत झालं. माळावरसुद्धा इतकं शांत नव्हतं. आणि हैबतीला बायकोचा चेहरा आठवायचा होता, पण आठवलं ते भात. कापणी. बायकांची रांग, सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांचे विळे एका बाजूने फिरतायत आणि रांगेच्या अगदी डाव्या टोकाला एकीचा विळा उलटा फिरतोय. दरसाल ती तिथेच. दरसाल हैबती बांधावरून ओरडायचा, "कडंला काय सोनं पुरलंय गो? रांगेत ये की!" आणि ती तशीच कापत राहायची. मध्ये आली असती तर तिचं कोपर शेजारणीच्या हातावर गेलं असतं, म्हणून ती कडेला. ती डावरी होती. वाढताना, कुंकू लावताना, देवापुढे ती उजवा हात वापरायची, कारण तसं करावं लागतं. पण कापताना डावा. आणि घरातले सगळे विळे उजवे, धार उलट्या अंगाला. तो विळा डाव्या हातात निसटतो आणि भात धरलेल्या हातावर येतो. तिच्या उजव्या अंगठ्यावर तीन वण आहेत. हैबतीला ते वण माहीत होते. ते कशाचे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

पाण्याखाली त्याच्या तोंडात एक शब्द आला. डावा. आणि त्याच्यामागून दुसरा यायला लागला, जुळणारा, अगदी जवळ आला—

कोणीतरी त्याची शेंडी धरली आणि वर ओढलं.

"सोड!" हैबती पाणी थुंकत ओरडला. "सोड रे, ठावा सापडत हुता!"

"ठाव सापडला असता तर मेला असतास की!" सोनबा म्हणाला, आणि त्याने हैबतीला काठावर पालथा घालून त्याच्या पाठीवर बैठक मारली. "कोनाचा तू? काय दुःख हाय तुला?"

"दुःख नाय. मी अंतर्मुख हुतोय."

"तेच ते. तोंड आत. बगितलं मी."

*

सोनबा भला माणूस. त्याने महाडला जाणाऱ्या एकाजवळ निरोप दिला, त्याने यष्टीच्या ड्रायव्हरला दिला, ड्रायव्हरने पोलादपूरच्या नाक्यावर दिला. सवला निघाला तेव्हा निरोप होता: पोलादपूरकडचा एक माणूस कुंडात बुडत होता, घरच्यांनी येऊन न्यावं. महाडला तो झाला: जीव देत होता. नाक्यावर उतरला तेव्हा झाला: हैबतीने तुळसापायी जीव दिला.

गोमाजी रागावून तुळसाकडे बघायला लागला. तुळसा म्हणाली, "माज्याकडं काय बगता? मी काय केलं? बत्तीस उखाणे कुनी आनले मुंबईवरनं?"

 प्रयागबाई महाडला परत जाणाऱ्या यष्टीत चढली आणि खिडकीशी बसली. महाडपासून सवपर्यंत ती चालली असं म्हणायचं; प्रत्यक्षात तिच्या चपला हातात होत्या.

काठावर हैबती बसला होता, ओल्या धोतरात, आणि बाजूला सोनबा, उपरण्याचं एक टोक हैबतीच्या शेंडीला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधून. हैबतीने तिला वाटेवर बघितलं. ती धापा टाकत होती. तिने पदर डाव्या हातात धरला होता.

हैबती उभा राहिला. उपरण्याबरोबर सोनबाही उभा राहिला.

"घरात समदे इळे उजवे, हिचा हात डावा," हैबती म्हणाला. आवाज मांडवातला नव्हता, फाटका होता. "तीस वर्सं कापलं भात, कुनाला नाय ठावा..."

तो थांबला. पुढे काही नव्हतं. सोनबा वाट बघत होता. कुंडाची वाफ वर जात होती.

"पुढं?" सोनबा कुजबुजला.

"पुढं नाय जुळत," हैबती म्हणाला. "नुसतंच घेतो. परयाग. परयागचं नाव घेतो. परयाग, कडंला सोनं नव्हतं. मी उगाच वरडायचो."

प्रयागबाईने आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो आत्ताच कोणी आणून दिला होता. पदर सुटला. तिने तो उजव्या हातात घेतला, मग पुन्हा डाव्यात घेतला.

"कुनी सांगितलं तुमाला?" ती म्हणाली.

"कुनी नाय."

"मास्तरांनी?"

"मास्तरांना इळा ठाव नाय."

ती खाली बसली. एवढ्या वाटेचा श्वास तिने आता सोडला. मग म्हणाली, "ओ."

"काय?"

"ओ म्हनलं. हाक मारलीत ना? बोला, काय पायजे?"

हैबतीने आठवून बघितलं. चंची, सदरा, मीठ, दोर, पंधरा दिवसांतलं काय काय विचारायचं होतं. "आता ध्यानात नाय," तो म्हणाला.

"जीव देत नव्हता न्हवं?"

"छा! तोंड आत घातलं हुतं."

"मग माजी शेंडी सोडा म्हनावं ह्यांना," ती म्हणाली, मग शेंडी आपली नव्हे, नवऱ्याची, हे लक्षात येऊन इतकी हसली की सोनबाने घाईघाईने गाठ सोडली आणि दोन पावलं लांब सरकला. नवरा पाण्यात तोंड घालतो, बायकोला शेंडी आहे. माणसं बरी दिसतायत, पण लवकर घरी गेलेली बरी.

*

शिमगा झाल्यावर ती मुंबईला गेली. अडीच महिन्यांनी हैबतीने मास्तरांकडून पत्र लिहवलं. मास्तरांनी सुरुवातीला "सौभाग्यवती" लिहिलं, ते त्याने खोडायला लावलं आणि "परयाग" लिहायला लावलं. मास्तरांनी "प्रयाग" लिहिलं, तेही खोडायला लावलं. ती पुढच्याच यष्टीने आली.

पण माणसाला एकदा आतलं सापडलं की ते बंद कसं करायचं, हे मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. हैबती सुटला. विहिरीवर उखाणा, बांधावर उखाणा, पंगतीत कोणी न विचारता उखाणा. एक जुळायचा तर चार अर्धे राहायचे, आणि अर्धे तो तसेच म्हणायचा. आनंदीबाईच्या दारी पुढचं लग्न निघालं तेव्हा तो उंबऱ्यात उभा राहून इतका वेळ बोलला की आनंदीबाईने स्वतःच बाजूला होऊन सांगितलं, "जा रे बाबा आत. मागल्या दारानं गेलास तरी चालंल." महाडच्या लोहाराकडून त्याने डावा विळा करून आणला, लोहार म्हणाला, असा मी कधी केला नाही, हैबतीने त्यालाही दोन ओळी ऐकवल्या. कापणीत प्रयागबाई तरीही कडेलाच उभी राहिली. सवय, म्हणाली. आणि सावली असते तिथं.

दिवाळीच्या आधी ती शाळेत गेली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तर, ते अंतर्मुख म्हनतात ना, त्याच्या उलटं काय असतं वो?"

तीस वर्षांपूर्वी आपल्याच लग्नाच्या मांडवात प्रयागबाईने हैबतीचं नाव घेतलं, तेव्हा तो बाहेर बैलांना पाणी दाखवत होता.